टॉपमध्ये घाट चढणारी जीप

जुन्या गाडीचं इंजिन बदलायचं ठरलं की गॅरेजात पहिला वाद पेटतो तो टॉर्क आणि पॉवरचा. एक बाजू म्हणते, खेच बघा, बाकी सगळं कागदावरचं. दुसरी म्हणते, पॉवर बघा, खेच गिअरमधून हवी तेवढी काढता येते. या वादात माझं स्वतःचं मत आहे आणि ते मी पुढे सांगणारच आहे. पण आधी दोन्ही बाजू पुऱ्या ऐकल्या पाहिजेत, म्हणून त्या मी दोघांच्या तोंडी घालतो. काका वाईचे, जन्म जीपच्या बॉनेटखाली गेलेला. पुतणी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअर, तिचं काम इंजिन टेस्टिंगचं. मध्ये उभी आहे महिंद्राची सीजे-३बी. हरिकेन पेट्रोल इंजिन, ब्लॉकला तडा गेलेला. मालकाला गाडी पसरणी घाटात चालवायची आहे आणि त्याच्यापुढे दोन डिझेल इंजिनं आहेत: जुन्या महिंद्रातून निघालेलं प्युजोचं एक्सडीपी ४.९०, आणि मॅटॅडोरमधून काढलेलं ओएम ६१६, म्हणजे मर्सिडीजचं इंजिन, जे बजाज टेम्पोनं परवाना घेऊन आपल्याकडे बनवलं.

काका : कुठलंही बसव, हरिकेनची खेच येणार नाही. माणसं भरलेली असायची, मागे भाजीच्या पाट्या, तरी ही जीप टॉपमध्ये घाट चढायची. गिअर खाली टाकायला लागला तर ड्रायव्हरला कमीपणा वाटायचा.

पुतणी : मालक तर म्हणतात की दोन्ही डिझेलांचा टॉर्क जास्त आहे. त्यांनी कागदावर लिहून आणलंय. हरिकेन ११४, प्युजो १२०, मर्सिडीज १३७.

काका : कागदाला काय, काहीही लिहा. डिझेलला खेच जास्त असते असं सगळेच म्हणतात. मी दोन्ही चालवलीत.

पुतणी : तुमचं बरोबर आहे, आणि कागदही खोटा नाही. मापं वेगळी आहेत. हरिकेनचे ११४ हे फूट-पाउंड. अमेरिकेतलं इंजिन, तिथलं माप. एक फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. म्हणजे हरिकेनचा टॉर्क झाला १५५. प्युजोचा महिंद्राच्या कागदावर १२.३ किलोग्रॅम-मीटर असतो, त्याचे होतात १२० न्यूटन-मीटर. मर्सिडीजचे १३७ हेही न्यूटन-मीटरच. एका मापात आणलं की हरिकेन पहिला येतो.

काका : मग मी काय सांगत होतो?

हा घोटाळा मी इतक्यांदा पाहिला आहे की इथे थोडं थांबतो. जुन्या इंजिनांचे आकडे किमान तीन मापांत सापडतात. ताकदीचंही तेच. ब्रिटिश-अमेरिकन हॉर्सपॉवर ७४५.७ वॅटची, युरोपातली पीएस ७३५.५ वॅटची. हा फरक किरकोळ, सोडून दिला तरी चालेल. टॉर्कमधला फरक मात्र एक तृतीयांशाहून मोठा आहे, आणि तेवढ्यावर माणसं कुर्ल्याच्या बाजारात पैसे मोजून इंजिन उचलून आणतात.

पुतणी : पण काका, हरिकेनच्या १५५ मध्ये अजून एक गोम आहे. तो ग्रॉस आकडा आहे.

काका : म्हणजे?

पुतणी : १९७१ पर्यंत अमेरिकेत इंजिन टेस्ट बेंचवर उघडंच चालवायचे. फॅन नाही, डायनॅमोवर भार नाही, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. जो आकडा येईल तो जाहिरातीत. १९७२ पासून सगळं लावून मोजायला लागले, त्याला नेट म्हणतात. शेवरलेटच्या ३५० घनइंची एलटी-१ इंजिनाचे १९७१ साली दोन्ही आकडे छापले होते: ग्रॉस ३३०, नेट २७५. इंजिन तेच, गाडी तीच, आणि कागदावर ५५ हॉर्सपॉवर कमी. जर्मन लोक मात्र डीआयएनच्या पद्धतीनं आधीपासून सगळं लावून मोजत होते. म्हणून मर्सिडीजच्या १३७ ची तुलना हरिकेनच्या १५५ शी करायची तर १५५ मधून काहीतरी वजा केलंच पाहिजे. १५ टक्के धरले तर उरतात १३२.

काका : म्हणजे मर्सिडीज बरोबरीला आलं.

पुतणी : टॉर्कच्या बाबतीत, हो. पॉवरमध्येही. हरिकेन ७२ हॉर्सपॉवर, ४००० फेऱ्यांना, तेही ग्रॉस. मर्सिडीजच्या २४०डी गाडीत हे इंजिन १९७३ ला आलं तेव्हा ६५ पीएस होतं, पुढे ७२ झालं. आणि यातली गंमत बघा, टॉर्क दोन्ही वेळा १३७ च, तोही २४०० फेऱ्यांनाच.

काका : टॉर्क वाढला नाही आणि पॉवर वाढली? हे कसं?

पुतणी : वरच्या फेऱ्यांना टॉर्क कमी गळायला लागला म्हणून. पॉवर ही वेगळी वस्तूच नाही, काका. टॉर्क गुणिले फेरे. न्यूटन-मीटरला आरपीएमनं गुणा, ९५४९ नं भागा, किलोवॅट मिळाले. टॉर्क म्हणजे हमाल एका खेपेला किती वजनाचं पोतं उचलतो ते, आणि पॉवर म्हणजे तासाभरात किती पोती माळ्यावर गेली ते. हलकं पोतं घेऊन झपाझप खेपा मारणारासुद्धा माळा भरतो.

काका : भरत असेल. पण पोतं फोडून दोन करायला कुणीतरी लागतं ना?

पुतणी : तेच काम गिअरबॉक्स करतो.

काकांचा प्रश्न मला तिच्या उत्तराइतकाच महत्त्वाचा वाटतो. गिअर टॉर्क वाढवतो, हे खरं. पण तो आयता मिळत नाही. डब्यात हवा तो गिअर असावा लागतो आणि तो टाकायला ड्रायव्हर तयार असावा लागतो. ती आता हिशेब मांडते आहे, त्यात हे दोन्ही दिसतं.

पुतणी : घाट बाराला एक असा चढ धरू. गाडी माणसांसकट १७०० किलो. वर ओढायला आणि टायरच्या घर्षणाला मिळून साधारण १६४० न्यूटन जोर लागतो. ताशी ३० किलोमीटरनं चढायचं तर चाकाला सुमारे १४ किलोवॅट पोचले पाहिजेत. गिअर, क्राऊन-पिनियन यांत काही जाणार, म्हणून इंजिनानं सोळाच्या आसपास द्यायला हवेत. म्हणजे २१-२२ पीएस. एवढंच. इंजिन पेट्रोल असो, डिझेल असो, हा आकडा बदलत नाही.

काका : बावीस पीएस तर प्युजोकडे आहेतच. बासष्ट आहेत.

पुतणी : बासष्ट ४५०० फेऱ्यांना आहेत. ३० च्या वेगाला इंजिन किती फिरतंय ते बघा. सोळाच्या रिमचा टायर, घेर २.२ मीटर. मागचा एक्सल ५.३८ चा. टॉपमध्ये ३० ला इंजिन फिरतं फक्त १२२० नं. तिथे सोळा किलोवॅट द्यायचे तर १२५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. प्युजोचा सगळा कळस १२० चा, आणि तोही २००० फेऱ्यांवर. १२२० ला त्याच्याकडे तेवढाही नाही. हरिकेनला हे काठावर का होईना जमायचं. तुमचे ड्रायव्हर टॉपमध्ये चढायचे ते यामुळे.

काका : चाळीस वर्षं हेच ओरडतोय मी.

पुतणी : आता दुसरा गिअर टाका. टी-९० डब्याचा दुसरा गिअर १.५५ चा. त्याच ३० ला इंजिन आता १९०० नं फिरतं आणि लागणारा टॉर्क उतरतो ८० वर. प्युजो तिथे १२० च्या जवळपास देतं, म्हणजे दीडपट. आरामात चढेल, वेगही वाढवेल. आता सांगा, प्युजोला खेच नाही की ते चुकीच्या गिअरमध्ये होतं?

काका : हिशेबात चूक नाही. पण मला सांग, दुसऱ्या गिअरमध्ये बारा किलोमीटर तो आवाज ऐकत कोण चालवणार? पुढे एसटी आली, वेग वीसवर आला, मग? पहिल्यात जायचं. वळण संपलं, परत दुसरा. जुन्या डब्यात पहिल्या गिअरला सिंक्रो नसतो, चालत्या गाडीत टाकायला हात तयार लागतो. हरिकेन चालवणारा एवढं काही करत नव्हता. पाय दाबायचा, गाडी जायची. पॉवर आहे म्हणून सांगतेस, पण ती काढायला दर वळणावर कष्ट पडणार असतील तर घाटात तिचा उपयोग काय?

पुतणी : मग डबा बदला. चार गिअरचा लावा.

काका : आता आलीस रस्त्यावर. नुसतं इंजिन बदलू नये, इंजिनासोबत डबा बघावा.

इथे दोघं एका वाक्यावर आले असले तरी मत एक झालेलं नाही. काकांना कमी फेऱ्यांवरची आयती खेच हवी आहे. पुतणीला एकूण पॉवर पुरेशी असली म्हणजे झालं, बाकी गिअर बघून घेतील. ती अँबॅसडरचं उदाहरण पुढे करते, आणि ते उदाहरण फार बोलकं आहे.

पुतणी : अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं बसलेलं १४८९ सीसीचं इंजिन आठवतं?

काका : बीएमसीचं. डोळे मिटून उघडीन.

पुतणी : तेच घराणं, तेच १४८९ सीसी, इंग्लंडमध्ये एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं. मॉरिस ऑक्सफर्डमध्ये, म्हणजे आपल्या अँबॅसडरच्या मूळ गाडीत, ते साधारण ५० हॉर्सपॉवरचं. एमजीएमध्ये दोन कार्ब्युरेटर, वेगळी ट्यूनिंग, आणि तेच इंजिन ५५०० फेऱ्यांना ७२. टॉर्क मात्र दोन्हींचा जवळपास सारखा, ७७-७८ फूट-पाउंड. फक्त एमजीएचा तो हजारेक फेरे वर, साडेतीन हजारांना मिळतो. कमाल टॉर्कचा आकडा बघून या दोन इंजिनांतला फरक तुम्हाला कधीच कळला नसता.

काका : आणि पॉवरचा आकडा बघून कुणी एमजीएचं इंजिन अँबॅसडरमध्ये घातलं, सहा माणसं आणि वर सामान टाकलं, की पहिल्याच चढावर क्लच जळणार. गाडी हलवायला त्याला रेस करावी लागणार ना? तीन हजारांवर क्लच सोडायचा?

पुतणी : एक्सल बदलला नाही तर, हो.

काका : कुणीच बदलत नाही गं. इंजिनावर पन्नास हजार घालतील आणि क्राऊन-पिनियनला पाच काढणार नाहीत.

माझं मत इथे स्पष्ट सांगतो. सिद्धांत पुतणीचा बरोबर आहे. चाकाशी किती खेच मिळेल हे शेवटी पॉवर आणि वेग ठरवतात, इंजिनाचा कमाल टॉर्क एकटा ठरवत नाही. पण इंजिन बदलणाऱ्यानं पहिला प्रश्न विचारायचा तो काकांचा: माझ्या गाडीत, माझ्या गिअरला, माझ्या नेहमीच्या वेगाला इंजिन किती फेऱ्यांनी फिरेल, आणि तिथे त्याच्याकडे काय आहे? कळसाचे दोन आकडे, टॉर्कचा एक आणि पॉवरचा एक, हे त्या प्रश्नाचं उत्तर नाहीत. त्यांच्यामधली सगळी रेघ म्हणजे उत्तर.

कारखान्यानं हे काम नीट केलं तर कसं दिसतं, याचा नमुना इंग्लंडच्या ॲबिंग्डनमध्ये आहे. एमजीबी गाडीत चार सिलिंडरचं १७९८ सीसी इंजिन होतं: ९५ हॉर्सपॉवर, ११० फूट-पाउंड. केन कॉस्टेलो नावाच्या माणसानं आपल्या वर्कशॉपमध्ये त्या गाडीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवायला सुरुवात केली. मग १९७३ मध्ये कंपनीनंच एमजीबी जीटी व्ही-८ काढली: १३७ हॉर्सपॉवर, १९३ फूट-पाउंड. या व्ही-८ चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा होता. सिलिंडर दुप्पट असूनही वजन जुन्या बिडाच्या चार सिलिंडर इंजिनाच्या आसपासच राहिलं, त्यामुळे गाडीचं नाक जड झालं नाही. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते एक्सलचं. जुना ३.९ चा होता, कंपनीनं तो ३.०७ केला. एक्सल लांब केल्यामुळे चाकाशी येणारी खेच पाचव्या हिश्शानं घटली, तरी मूळ गाडीपेक्षा ती तिसऱ्या हिश्शाहून जास्तच राहिली. आणि हायवेच्या वेगाला इंजिन कमी फिरायला लागलं. इंजिन जेवढं बदललं तेवढाच एक्सलही विचारानं बदलला. गॅरेजातले फार थोडे लोक इतका विचार करतात.

काका : विलायतेचं राहू दे. आपल्या जीपच्या डब्याचं सांग. तो मुळात ६० हॉर्सपॉवरच्या गो-डेव्हिल इंजिनाच्या काळातला. मर्सिडीज घातलं तर टिकेल?

पुतणी : सरासरी टॉर्क बघितला तर टिकायला हवा, हरिकेनएवढाच आहे.

काका : सरासरीवर दात तुटत नाहीत. डिझेलचं कॉम्प्रेशन हरिकेनच्या तिप्पट. प्रत्येक ठोका गिअरच्या दातावर हातोडीसारखा बसतो. रिकामी गाडी चालू ठेव आणि डब्यावर हात ठेव, कळेल. पेट्रोलच्या डब्यावर डिझेल बसवलं आणि वर्षभरात इनपुट शाफ्ट गेला, असं मी पाहिलंय. टॉर्क तेवढाच होता की.

पुतणी : हे मान्य. माझ्या हिशेबात ते येत नव्हतं.

काका : आणि ब्रेक. पेट्रोलला मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळतो. या जीपचा वायपरसुद्धा व्हॅक्यूमवर आहे. डिझेलला थ्रॉटल नाही, व्हॅक्यूम नाही. पंपवाला अल्टरनेटर लावावा लागतो, नाहीतर ब्रेकचा बूस्टर नुसता शोभेचा.

पुतणी : उतारावरही फरक पडेल. पेट्रोलमध्ये पाय काढला की थ्रॉटल बंद होतो आणि इंजिन हवा ओढायला धडपडतं, त्यातून गाडी थोपते. डिझेल हवा दाबतं, पण दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलते, घेतलेलं बरंचसं परत देते. कॉम्प्रेशन जास्त म्हणून थोपणं जास्त, असं होत नाही. म्हणजे उतरताना खालचा गिअर लवकर टाकायला हवा.

काका : हे मालकाला सांगायलाच पाहिजे. पसरणीच्या वळणावर ते कळून उपयोग नाही.

मग प्रश्न उरतो कुठलं इंजिन निवडायचं. पुतणीचा कल मर्सिडीजकडे आहे आणि आकडे तिच्या बाजूनं आहेत. काकांचा कल प्युजोकडे, आणि त्यांचं कारण टॉर्क नाही, पॉवरही नाही.

काका : महिंद्रानंच हे इंजिन आपल्या जीपांत घातलं होतं. सीजे-३४० डीपी, एमएम ५४०. त्यामुळे फाउंडेशन, बेल हाउसिंग, चार गिअरचा डबा, सगळं कारखान्याचं तयार मिळतं. मर्सिडीजला ॲडॉप्टर प्लेट बनवायची, इंजिन आणि डबा एका सरळ रेषेत आणायचा. धागाभर सरकलं तर क्लचप्लेट आणि इनपुट बेअरिंग दोन्ही जाणार. शिवाय आरटीओ. कलम ५२ खाली इंजिन बदलायला आधी परवानगी लागते. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं त्याच कलमावर निकाल दिला की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. त्याच कंपनीच्या गाडीतलं इंजिन आहे म्हटल्यावर साहेबासमोर मांडायला काही जागा राहते. मॅटॅडोरचं घेऊन गेलो तर काय सांगू?

पुतणी : आधी अर्ज, मग इंजिन. उलट करू नका.

काका : अर्ज मालकाच्या हातात ठेवलाय. सही झाली की जाईल.

पुतणी : मग प्युजो, चार गिअरच्या डब्यासकट. पण ५.३८ चा एक्सल काढू देऊ नका मालकांना. हायवेला पळावी म्हणून लांब एक्सल घालतील आणि आपण मिळवलेलं सगळं जाईल.

काका : एक्सल ५.३८ चाच आहे कशावरून? गाडी १९७० च्या आसपासची, मध्ये कुणी काय घातलं कुणाला माहीत. मागचं एक चाक जॅकवर घे. दुसरं जमिनीवर, गाडी न्यूट्रल, पुढच्या चाकांना दगड. शाफ्टवर खडूची खूण कर आणि वरचं चाक पुरे दोन फेरे फिरव. एक फेरा नाही, दोन. एकच चाक मोकळं आहे, डिफरन्शिअल अर्धं करतं. शाफ्ट पाच फेऱ्यांवर तिसऱ्या हिश्शाहून जरा पुढे गेला तर ५.३८.

पुतणी : आणि प्युजोचं कॉम्प्रेशन? बासष्ट पीएस नव्या इंजिनाचे होते.

काका : गेज लावतो. चारही सिलिंडर जवळपास सारखे आले तरच पैसे. एक जरी खाली आला तर हेड उघडून बोअर बघितल्याशिवाय तो कागदावरचा १२० धरायचा नाही. तू आधी शाफ्ट मोज, तोवर मी नोझल काढतो.